ती या पानाचं काय करणार? किशोरवयीन मुलींच्या पॉप मासिकाची मांडणी

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी मुलगी नांदेडला पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्प म्हणून तिला तेरा ते सतरा वयाच्या मुलींसाठी पॉप संगीताचं मराठी मासिक करायचंय: मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि दोन पानांवर पसरलेला एक लेख. नाव ठरलंय ‘ठेका’. मार्गदर्शक म्हणाले, ‘गुलाबी ठेव, मुलींना आवडतं.’ तिला विचारायचंय की गुलाबीच ठेवायचं का, मुखपृष्ठावर बीटीएस हा कोरियन पॉप गट घ्यायचा की मराठी कुणी, आकार ए-फोर चालेल का आणि फॉन्ट कुठला वापरायचा.

मी छत्रपती संभाजीनगरमध्ये मासिकांची आणि दिवाळी अंकांची मांडणी करते. तू विचारलेल्या चारही गोष्टींचं उत्तर एका पाचव्या प्रश्नावर अवलंबून आहे: तुझी वाचक हे मासिक कुठे बसून उघडणार आणि वाचून झाल्यावर त्याचं काय करणार?

आपल्याकडची वाचक डोळ्यांसमोर आण. औसा, सेलू, गेवराई किंवा किनवट तालुक्यातल्या एखाद्या गावातून ती रोज तालुक्याला शाळेत येते. अहिल्याबाई होळकर योजनेत पाचवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी एसटीचा पास फुकट आहे, म्हणून अशा मुलींनी सकाळच्या गाड्या भरलेल्या असतात. दोघींच्या सीटवर तिघी, मांडीवर दप्तरं. ए-फोर मासिक उघडलं की ते साडेसोळा इंच पसरतं आणि शेजारणीच्या तोंडावर जातं. आकाराचा प्रश्न इथेच सुटतो. २० × ३० इंचाचा कागद घे. त्यात सोळा पानांचा फॉर्मा, म्हणजे एकाच कागदावर छापून दुमडलेला गठ्ठा, बसतो आणि कापून साधारण सव्वासात बाय साडेनऊ इंचाचं पान मिळतं. दोन फॉर्म्यांची बत्तीस पानं, वर चार पानांचं कव्हर आणि मध्ये पिन. कागद वाया जात नाही आणि अंक दप्तरात वहीच्या बाजूला उभा राहतो.

आता घर बघ. बहुतेकींना स्वतःची खोली नसते. मोबाईल घरचा असतो किंवा भावाचा, आणि तो हातात येतो तो थोड्या वेळासाठी. गाणं तिला मोबाईलवर मिळतंच, बातमीही मिळते. तुझ्या मासिकाला त्या शर्यतीत उतरायचंच नाहीये. मोबाईल परत द्यावा लागतो आणि मासिक तिच्याकडे राहतं, एवढीच तुझी जमेची बाजू आहे, आणि ती फार मोठी आहे. म्हणून प्रत्येक पान लावताना विचार, की ती याचं काय करणार: कापणार, वहीत चिकटवणार, पाठ करणार, की मैत्रिणीला दाखवून भांडणार? ज्या पानाला उत्तर मिळत नाही ते पान काढून टाक.

हे मी शोधलेलं नाही. या धंद्यातली जुनी मासिकं याच जोरावर चालली. ब्रिटनमध्ये निक लोगन यांनी १९७८ साली ‘स्मॅश हिट्स’ सुरू केलं. गाण्यांचे छापलेले शब्द हा त्याचा मोठा आधार होता, कारण पोरींना गाणं बिनचूक गायचं असायचं आणि दुसरीकडे शब्द सापडत नसत. जर्मनीतल्या ‘ब्रावो’ने १९५९ मध्ये माणसाच्या उंचीचं पोस्टर तुकड्यातुकड्यांनी द्यायला सुरुवात केली. या अंकात बूट, पुढच्या अंकात गुडघे. चेहऱ्यापर्यंत पोचायचं तर मधला अंक चुकवून चालायचं नाही. ‘स्मॅश हिट्स’ २००६ मध्ये बंद पडलं, कारण शब्द आणि फोटो तोवर दुसरीकडे मिळायला लागले होते. तेव्हा त्यांची पानं जशीच्या तशी उचलू नकोस. हाताने काही करता येईल असं पान घे.

आता मुखपृष्ठ, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. इंग्रजी मासिकं बघून सगळे विद्यार्थी एक गोष्ट उचलतात: स्टारचं डोकं मासिकाच्या नावावर चढवायचं. रोमन लिपीत ते खपतं, कारण त्या अक्षरांची ओळख बरीचशी वरच्या अर्ध्या भागात असते. खालचा भाग झाकला तरी नाव वाचता येतं. देवनागरीत उलटं आहे. वर शिरोरेषा, आणि ती सगळ्या अक्षरांना सारखीच. ओळख पटते ती रेषेच्या खालच्या वळणांवरून. डोकं खालूनच वर येतं, म्हणजे नेमका तोच भाग झाकतं. ‘ठेका’मधला ठ अर्धा झाकला तर तो ट आहे, ठ आहे की ढ, हे कुणालाही सांगता येणार नाही. पहिल्या अंकाला तर नाव ओळखीचंही नसतं. यावर दोन उपाय आहेत. एक तर डोकं ‘ठे’ आणि ‘का’ यांच्या मधल्या फटीत येऊ दे आणि तेवढी फट मुद्दाम मोठी कर. त्यासाठी शिरोरेषा दोन अक्षरांमध्ये तोडली तरी नावात ते शोभतं. नाहीतर नाव केसांच्या वर ठेव आणि केसांच्या दोन-चार बटाच फक्त अक्षरांवर आण. मला दुसरा उपाय जास्त आवडतो.

‘ठे’ची मात्रा शिरोरेषेच्या वर जाते हेही लक्षात ठेव. कापण्यासाठी कडेला तीन मिलिमीटर जास्तीची छपाई (ब्लीड) सोडूनही कटिंग थोडं सरकतं, आणि मात्रा कापली गेली की तुझं मासिक ‘ठका’ होतं. वरून निदान दहा मिलिमीटर जागा सोड.

बसस्थानकावरच्या स्टॉलवर मासिकं एकावर एक चढवून लावलेली असतात. दिसते ती वरची पट्टी. नाव, एक चेहरा आणि एक ओळ एवढं त्या पट्टीत बसलं पाहिजे. खालच्या ओळी हातात घेतल्यावर वाचायच्या. त्या चार-पाचच्या वर नकोत. वीस ओळी कोंबलेलं कव्हर मला पंचांगाच्या जाहिरातीसारखं दिसतं.

बीटीएस की मराठी? कव्हरवर बीटीएस घ्यायला माझी काही हरकत नाही. २०१३ साली आलेला सात जणांचा कोरियन गट परभणीच्या पोरींनाही नावानिशी पाठ आहे. कोण गातो, कोण रॅप करतो, सगळं. पण प्रकल्पात त्यांचा फोटो वापरायचा म्हणजे नेटवरून उचलायचा. तो तुझा नाही. इन्स्टाग्रामवर दिसतो म्हणून फुकट होत नाही, आणि परीक्षकही तेच विचारतील. म्हणून काल्पनिक गट तयार कर. कॉलेजमधल्या गाणाऱ्या चार मुली घे आणि त्यांचे फोटो स्वतः काढ. प्रत्येकीला एक ठसठशीत ओळख दे. १९९६ मध्ये ब्रिटनमधल्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ मासिकाने स्पाइस गर्ल्स या पॉप गटातल्या मुलींना टोपणनावं दिली आणि जगाने त्यांना त्याच नावांनी ओळखलं. एका लहानशा मजकुराने गटाचा चेहरा ठरवला. तुझ्या चौघींना नावं देताना मात्र ‘नाजूक’, ‘लाजरी’ नको. ‘सुटा श्वास घेणारी’, ‘ठेका चुकला की थांबवणारी’ असं काहीतरी दे, ज्यातून त्या गातात हे कळेल.

फोटो काढ गच्चीवर, दुपार कलल्यावर. चेहऱ्याच्या सावलीच्या बाजूला पांढऱ्या थर्माकोलची शीट धर, लाईट भाड्याने आणायची गरज नाही. कपडे त्यांचे त्यांना ठरवू दे.

यानंतरचं ऐकायला थोडं कडू आहे, पण कुणी सांगत नाही. सावळ्या मुलीचा फोटो प्रेसवर गेला की दोनपैकी एक गोष्ट होते. मॅपलिथोसारख्या कोटिंग नसलेल्या कागदात शाई पसरते, मधल्या छटा गडद होतात आणि चेहरा मातकट छापला जातो. नाहीतर हे माहीत असलेला ऑपरेटर आधीच चेहरा गोरा करून ठेवतो, न विचारता, उपकार केल्यासारखा. दोन्ही नको. फोटो सीएमवायकेमध्ये, म्हणजे निळी, मजेंटा (गडद गुलाबी), पिवळी आणि काळी या छपाईच्या चार शायांमध्ये, नेल्यावर मधल्या छटा फोटोच्या सॉफ्टवेअरमधल्या कर्व्हने थोड्या उचल, चमक आणि सावली जागच्या जागी राहू दे. त्वचेत पिवळी आणि मजेंटा शाई जवळजवळ सारखी, पिवळी किंचित जास्त. निळी त्यांच्या निम्म्याच्या आसपास किंवा कमी. चेहरा मातकट होतो तो बहुतेक वेळा निळी जास्त झाल्यामुळे. एवढं केलंस की रंग तोच राहतो आणि चेहरा स्वच्छ छापला जातो. ‘फेअर’ करणाऱ्या क्रीमच्या जाहिराती घ्यायच्या की नाहीत, हा प्रश्न मग तुझा तुलाच पडेल.

आता गुलाबी. मार्गदर्शकांशी वाद घालू नकोस, त्यांना राणी कलर दाखव. मोबाईलवर झळकणारा निऑन गुलाबी चार रंगांच्या छपाईत येतच नाही, कारण तो शाईच्या आवाक्याबाहेर आहे. कागदावर तो फिका पडतो. राणी कलर मात्र मजेंटाच्या अंगचाच आहे. मजेंटा शंभर टक्के, त्यात थोडी निळी, आणि तो ओरडून छापला जातो. त्याच्या शेजारी हळदी, मोरपंखी आणि भरपूर पांढरं ठेव. आपल्याकडे तांड्यांवरच्या लमाणी बायकांच्या भरतकामात आरसे आणि कवड्यांबरोबर हेच जोरकस रंग शेजारीशेजारी येतात आणि भांडत नाहीत, कारण मध्ये बारीक टाक्यांची चौकट असते. ती चौकट बघ आणि शिक. पण त्याची चित्रं पानाच्या कडेला झालर म्हणून लावू नकोस. घेतलंस तर त्या कामावर एक पान दे.

गडद पार्श्वभूमीवर पांढरा बारीक मजकूर टाळ. मॅपलिथोवर शाई आत शिरते आणि अनुस्वार बुजतात. रंगीत अक्षरांतला मजकूर दोन-तीन शायांचा बनवू नकोस. रजिस्टर, म्हणजे एका शाईवर दुसरी शाई नेमकी बसणं, केसभर हललं की प्रत्येक अक्षराला सावली येते. मजकूर नुसता काळा. रंग मथळ्यांना.

फॉन्टचं मी पटकन सांगते. आपल्याकडच्या बऱ्याच प्रेसमध्ये अजून कोरल हे सॉफ्टवेअर आणि श्रीलिपीचे जुन्या पद्धतीचे फॉन्ट चालतात. तू युनिकोडच घे, मोबाईलवर मराठी लिहितो तेच. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ मजकुराला चांगला आहे, त्यांचाच ‘बालू’ मथळ्यांना. इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘कलम’ हातच्या अक्षरासारखा आहे. तो वाचकांच्या पानावर शोभेल, पण लेखभर वापरलास तर डोळे दुखतील. हे सगळे गुगल फॉन्ट्सवर फुकट आहेत. एका अंकात दोन फॉन्ट, फार तर तीन. मजकूर साडेदहा पॉइंट, ओळींमध्ये साडेपंधरा ते सोळा. इंग्रजीच्या सवयीने तेरा ठेवलंस तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. अक्षरांमधली जागा वाढवू नकोस, शिरोरेषा तुटते. आणि अरुंद रकान्यात दोन्ही कडा सरळ करायचा हट्ट सोड. मराठीतले शब्द लांब, हायफनने सहसा तोडत नाहीत, मग शब्दांच्या मध्ये भगदाडं पडतात. डावी कड सरळ, उजवी मोकळी. मुलींच्या मासिकाला ते मोकळेपण बरंच दिसतं.

अनुक्रमणिकेवर फार वेळ घालवू नकोस. पाच फोटो, त्यावर मोठे पान क्रमांक, बाकी एक यादी. या वयाची वाचक अनुक्रमणिका वाचत नाही, ती मागून पानं उलटते. म्हणून शेवटच्या पानावर चांगलं काहीतरी ठेव.

दोन पानी लेखासाठी मी एक विषय सुचवते: छत्रपती संभाजीनगरच्या कडुबाई खरात, एकतारीवर भीमगीतं गाणाऱ्या. तुला वाटेल हे पॉप कुठे? मराठवाड्यात जयंतीच्या मिरवणुकीत, लग्नाच्या वरातीत, रिक्षात आणि रीलमध्ये जे वाजतं त्यात वामनदादा कर्डकांपासून आनंद आणि आदर्श शिंद्यांपर्यंत सगळे असतात. त्याच्या शेजारी अजय-अतुल, त्याच्या शेजारी कोरियन मुलं. आपली पोरगी हे वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवून ऐकत नाही. मुंबईहून येणारी मासिकं ठेवतात. तुझा अंक वेगळा दिसायचा असेल तर इथे दिसेल.

या लेखाची मांडणी सोपी आहे. एकतारीचा दांडा तिरपा, डाव्या पानाच्या खालून उजव्या पानाच्या वर. मजकूर त्याच्या खालच्या बाजूला, मोठा मथळा वर. पण दोन गोष्टी सांभाळ. चेहरा घडीवर येऊ देऊ नकोस, तो पूर्णपणे एका पानावर हवा. आणि मथळा दोन पानांवर पसरवायचा असेल तर घडी दोन शब्दांच्या मधल्या जागेत पडली पाहिजे. शब्दाच्या मधून घडी गेली तर दोन्ही पानांची शिरोरेषा कधीच बरोबर जुळत नाही. अर्धा मिलिमीटरचा फरकही पायरीसारखा दिसतो. रोमन अक्षरांत तो खपून जातो. पहिलं अक्षर मोठं करायची हौस असेल तर पूर्ण अक्षर मोठं कर, वेलांटी आणि जोडाक्षरासकट. ‘कि’मधला नुसता क मोठा केलेले अंक मी बघितले आहेत.

पोस्टर अंकाच्या बरोबर मध्ये येतं, कारण पिनच्या अंकात तिथेच एक अखंड कागद असतो. तेवढी चार पानं आर्ट पेपरवर, म्हणजे गुळगुळीत कोटिंगच्या कागदावर, घे. पोस्टरच्या मागे लेख टाकू नकोस, नाहीतर तिला दोन्हींतलं एक निवडावं लागतं. आणि ती ते लावणार कुठे? लातूरला नीटच्या क्लाससाठी होस्टेलवर राहणाऱ्या मुलीला भिंतीवर चिकटपट्टी लावू देत नाहीत. पत्र्याच्या घरात भिंतच वेगळी. म्हणून मी म्हणेन, पोस्टर वहीचं कव्हर म्हणून आखून दे: साधी दोनशे पानी वही माप, दुमडायच्या रेघा बारीक ठिपक्यांनी छाप, एका बाजूला फोटो आणि दुसऱ्या बाजूला साधं नक्षीकाम. ज्या घरात फोटो चालत नाही तिथे तो आतल्या बाजूला जातो. उरलेल्या जागेत नाव-इयत्ता-विषयाची लेबलं.

गाण्यांचे शब्द छापायचे तर परवानगी हवी. कॉपीराइट कायदा १९५७ चा, आणि गीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. कोरियन गाण्याचे उच्चार देवनागरीत लिहिले तरी शब्द त्याचेच. पैठणच्या एकनाथांच्या भारुडांना मात्र कुणाची परवानगी नको. एक भारुड घे, त्याच्या ओळींखाली टाळीच्या जागा ठिपक्यांनी दाखव आणि रॅपसारखं म्हणून बघायला सांग. एसटीत तिघी मिळून करतील.

अंकाची भाषा कशी असावी, हे तू विचारलं नाहीस, पण मांडणी त्यावर उभी आहे. अँजेला मॅकरॉबी या ब्रिटिश अभ्यासक बाईंनी १९७८ मध्ये ‘जॅकी’ या मुलींच्या साप्ताहिकाची चिरफाड केली होती. त्यांचं म्हणणं, गोष्टींपासून सल्ल्यांपर्यंत सगळं फिरून एकाच ठिकाणी येतं: मुलगा कसा मिळवायचा. आपल्याकडे याला आणखी एक जोड मिळते, मावशीबाईंचा उपदेश. ‘मैत्रिणींनो, लक्षात ठेवा’ असं वाक्य दिसलं की खोड. विभागाचं नाव ‘संगीत विश्व’ ठेवण्यापेक्षा ‘काय ऐकायलीस?’ ठेव. नांदेडची पोर दुसरीला असंच विचारते. मजकूर मात्र प्रमाण मराठीत ठेव. बोली मथळ्यांत आणि फोटोखालच्या ओळींत चमकली की पुरते, लेखभर आली की नक्कल वाटायला लागते.

वाचकांच्या पानावर नाव आणि तालुका, बस. आडनाव नाही, शाळा नाही, गाव नाही. फोटोऐवजी तिने काढलेलं चित्र किंवा हस्ताक्षर. गावात कुणाच्या हातात अंक पडेल आणि त्यावरून घरी काय होईल, हे तुला-मला सांगायला नको. शिवाय २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठराच्या खालची व्यक्ती बालकच आहे आणि तिची माहिती घ्यायला पालकांची संमती लागते. स्पर्धेसाठी क्यूआर कोड लावून फोन नंबर गोळा करायचा विचार असेल तर तो सोडून दे. पोस्टकार्ड मागव.

प्रकल्प जमा करण्याआधी कच्चा अंक साध्या झेरॉक्सवर, खऱ्या आकारात काढून पिन मार आणि त्या वयाच्या दोन-तीन मुलींच्या हातात दे. कसा वाटला म्हणून विचारू नकोस, त्या ‘छान आहे ताई’ म्हणतील. बाजूला बस आणि बघ, अंगठा कुठे थांबतो, कुठलं पान दुसरीला दाखवलं जातं आणि कुठली दोन पानं एकदम उलटली जातात. मग मांडणी बदल.

इनडिझाईन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करत असशील तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर सुरू कर, नाहीतर जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते. पीडीएफ काढल्यावर ती कागदावर घेऊन मोठ्याने वाच. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘विद्यार्थिनी’, ‘उत्कृष्ट’ असे शब्द खास शोध, गडबड असेल तर पहिली तिथे दिसते. फोटो छापायच्या मापात तीनशे डीपीआयचे, म्हणजे इंचाला तीनशे ठिपक्यांचे, आहेत का तपास; व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो तसा नसतो, मैत्रिणीकडून मूळ फाईल मागून घे.

आणि प्रकल्पाच्या टिपणात आकार २० × ३० का घेतला ते लिहिताना एसटीच्या सीटचं माप टाक. खरोखर मोजून घे, अंदाजे नको.